अनामिक डावात ओळखीचा माणूस ओळखला, तर?

अडीचघर (शनिवार, रात्री ११:४०)

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

गेले दोन महिने डिप्लोमसीचा एक ऑनलाइन डाव खेळत होतो. अनामिक डाव, म्हणजे सातही खेळाडूंची नावं डाव संपेपर्यंत झाकलेली. समोर फक्त 'तुर्कस्तान', 'रशिया' एवढंच दिसतं. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, ३४ पुरवठा केंद्रं, त्यातली १८ घेतली की जिंकलात. फासे नाहीत, पत्ते नाहीत, सगळा कारभार बोलण्यावर. आणि बोललेलं पाळायचं बंधन कुणावरच नाही.

मी ऑस्ट्रिया. पहिल्याच फेरीत तुर्कस्तानचा निरोप आला आणि मी चमकलो. प्रश्नचिन्हाच्या आधी एक मोकळी जागा. माझा खेळातला एक जुना मित्र अगदी असंच लिहितो, त्यावरून मी त्याला कितीदा चिडवलंय. त्यात या पठ्ठ्याने पहिल्या वसंतात अंकाराचं आरमार काळ्या समुद्रात न नेता कॉन्स्टँटिनोपलला आणलं. ही त्या मित्राची ठरलेली चाल. खरं तर ऑस्ट्रियाने इथे सावध व्हायला हवं, कारण ते आरमार पुढे एजियनमध्ये, म्हणजे माझ्याच अंगावर येणार. पण मी म्हटलं, छे, हा तर आपलाच!

ओळखलंय हे त्याला कळू दिलं नाही. फक्त विश्वास टाकला. सर्बियाची पाठ उघडी ठेवली आणि सगळं सैन्य रशियाकडे वळवलं. त्यानेही दगा दिला नाही. १९०४ पर्यंत आम्ही रशियाचं कंबरडं मोडलं. तेव्हा रशियाने मला एक ओळ लिहिली: "खेळातलं राहू द्या, खरं सांगा, तुम्ही दोघं बाहेर एकमेकांना ओळखता का?"

मी लिहिलं, "नाही."

पुढे १९०६ ला इटलीने मला संपवलं, ते सोडा. डाव अजून चालू आहे. त्या डावात मी पन्नास वेळा तरी खोटं बोललो असेन, एकाचंही काही वाटलं नाही. हे एकच टोचतंय. का?

---

गनिमी (शनिवार, रात्री ११:५२)

डिप्लोमसी खेळलो आणि खोटं बोलावं लागलं. म्हणजे पोहायला गेलो तर अंग भिजलं. दिवे घ्या :)

---

सोंगटी (रविवार, सकाळी ७:१५)

डाव अजून चालू आहे आणि तू इथे त्यावर लिहितोयस?

---

अडीचघर (रविवार, सकाळी ७:३०)

सोंगटीताई, साइट सांगितलेली नाही, डावाचा क्रमांक नाही. आणि मी तर त्यात मेलोय.

---

सोंगटी (रविवार, सकाळी ७:३४)

मेलेल्यांनी तर मुळीच बोलू नये. असो. धागा आवडला, सविस्तर लिहिते नंतर.

---

जुना_भिडू (रविवार, सकाळी ९:२०)

थोडा इतिहास, कारण त्याचा इथे संबंध आहे. ॲलन कॅलहॅमरने हा खेळ १९५४ मध्ये बनवला. मोठ्या कंपन्यांनी नाकारला, म्हणून १९५९ मध्ये स्वतःच ५०० प्रती काढल्या. १९६३ पासून लोक तो टपालाने खेळायला लागले. (अवांतर: कॅलहॅमर स्वतः पुढे पोस्टमन झाला. आपल्याच खेळाची पत्रं त्याने वाटली असतील का, हा विचार मला फार आवडतो.)

टपालाच्या डावात लपवालपवी नव्हती. कुणाला पत्र लिहितोय ते नाव-पत्त्यासकट माहीत असायचं. मग त्यातून व्हायचं तेच झालं. अमका तीन डावांपूर्वी उलटला होता, याचा सूड या डावात घ्यायचा. तमका आपला दोस्त, त्याला हात लावायचा नाही. पटावर काय चाललंय यापेक्षा माणसांचे जुने हिशेब जास्त. नावं झाकायची पद्धत त्यावरचा उतारा आहे. सगळ्यांनी कोऱ्या पाटीने बसायचं.

तेव्हा अडीचघर, तुमचं 'नाही' मला एवढं खटकत नाही. खटकतो तो 'हा तर आपलाच'. तुमची पाटी पहिल्या फेरीतच कोरी राहिली नव्हती, बाकी पाच जणांची होती. त्याच क्षणी पंचांना कळवायला हवं होतं.

---

निशाचर (रविवार, सकाळी १०:०२)

असहमत. ओळखणं हा गुन्हा कसा? पाहिलेलं न पाहिलेलं करता येत नाही. स्टारक्राफ्ट या संगणकावरच्या युद्धखेळात नावाजलेले खेळाडू बारकोडमागे लपतात: मोठा आय आणि छोटा एल इतके आळीपाळीने लावायचे की नाव नुसत्या उभ्या रेघांसारखं दिसतं. सराव चोरून करता यावा, ठेवणीतली चाल फुटू नये म्हणून. तरी मुरलेले लोक पहिल्या पाच मिनिटांत हाताची सवय ओळखतात. त्याला आपण कौशल्य म्हणतो. मग इथे पाप का?

---

जुना_भिडू (रविवार, सकाळी १०:१०)

तिथे दोघंच असतात हो. तुम्ही ओळखलंत तर त्याला हरवायला वापरता. इथे ओळख वापरली ती तिसऱ्याच्या विरुद्ध.

---

काकदृष्टी (रविवार, सकाळी ११:४५)

दोन वेगळ्या गोष्टींची मिसळामिसळ होतेय. माफिया हा घोळक्याने खेळायचा खेळ खेळतो तेव्हा मी 'गावकरी' असल्याचं सोंग घेतो, असतो माफिया. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफने तो खेळ काढला तो याच मजेसाठी. अमंग अस या ऑनलाइन खेळातही तेच. तिथे भूमिका लपवलेली असते, आणि लपवलेली आहे हे सगळ्यांना माहीत असतं. माणूस लपवणं वेगळं. सोंग पटावर उतरून ठेवता येतं. माणूस येतो तसाच घरी जातो.

---

वजीरवाली (रविवार, दुपारी १:३०)

अडीचघर, तुमचा प्रश्न 'ओळखलं तर काय' असा आहे. माझा उलटा. ओळखू दिलं नाही तर काय?

मोबाइलवरच्या एका राज्य वाढवायच्या खेळात मी आठ महिने एका आघाडीत होते. आयडी असा की बाई की बुवा ते कळू नये. सगळे 'भाऊ' म्हणायचे, मी दुरुस्त केलं नाही. आघाडी सगळी मराठी, त्यामुळे आणखी पंचाईत. 'येतो' लिहू की 'येते'? 'येतो' लिहिलं तर सरळ खोटं, 'येते' लिहिलं तर संपलंच. मग आठ महिने मी 'निघायचं का', 'सैन्य पाठवलंय', 'पोचणं होईल', 'माझ्याकडून धान्य मिळेल' असल्या भाषेत काढले. शाळेतल्या कर्मणी आणि भावे प्रयोगाचा एवढा उपयोग आयुष्यात दुसरा झाला नाही.

मोठ्या चढाईआधी म्होरक्याने फर्मान काढलं, सगळ्यांनी माइक चालू ठेवायचा. मी म्हटलं माइक बिघडलाय. तीन आठवडे बिघडलेलाच! शेवटी वेढ्याच्या रात्री दुसरा इलाज नव्हता, बोलले: "उत्तरेचा दरवाजा सांभाळा, तिकडून येतायत." दोन सेकंद सगळे गप्प. दरवाजा कुणी सांभाळला नाही, कारण सगळे आवाजाचाच विचार करत होते. दरवाजा गेला.

दुसऱ्या दिवशी म्होरक्याने खाजगीत लिहिलं, "आम्हाला फसवलंस." काय फसवलं? रात्री दोनच्या पाळ्या मी केल्या. धान्य मी वाटलं. यातलं कुठलं खोटं होतं?

२०१० च्या जुलैमध्ये ब्लिझर्ड या गेम कंपनीने जाहीर केलं होतं की त्यांच्या चर्चामंचावर लिहायचं तर खरं नाव दिसेल. असं केलं की लोक नीट वागतील, हा हेतू. एवढी ओरड झाली की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. ओरडणाऱ्यांत बायका का होत्या ते इथल्या बायकांना सांगायला नको.

---

गनिमी (रविवार, दुपारी १:४१)

भावे प्रयोगाला साष्टांग दंडवत.

---

काकदृष्टी (रविवार, दुपारी २:०५)

वजीरवाली, बाकी सगळं मान्य. पण 'माइक बिघडलाय' हे खोटंच ना?

---

वजीरवाली (रविवार, दुपारी २:२०)

खोटंच. पण त्या खोट्याने कुणाचं काय गेलं? दरवाजा गेला तो मी खरं बोलल्यावर.

---

कप्तान_उशिरा (रविवार, संध्याकाळी ६:५०)

सगळा धागा वाचला नाही. दुय्यम खाती काढून खालच्या पायरीवर खेळण्याबद्दल बोलणं चाललंय का? त्याला स्मर्फिंग म्हणतात ते नाव वॉरक्राफ्ट २ या खेळाच्या काळातलं, १९९६ च्या सुमाराचं. दोघं इतके तयार झाले होते की त्यांची नावं दिसली की लोक लॉबी (डाव जमायची जागा) सोडून जायचे. मग ते पापास्मर्फ आणि स्मर्फेट नावांनी येऊन मुद्दाम आधी हरल्यासारखं करायचे आणि नंतर धुवायचे.

मी पण करतो कधीकधी. माझ्या पायरीवर डाव मिळायला वीस मिनिटं थांबावं लागतं.

---

सोंगटी (रविवार, संध्याकाळी ७:०५)

तुझी वीस मिनिटं वाचली, समोरच्याची चाळीस गेली. वाल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये डोटा २ या आपल्या खेळातली असली ९०,००० खाती बंद केली, उगाच नव्हे. आणि धागा वाच आधी.

---

तर्कटराव (रविवार, रात्री ९:३०)

लपलेला माणूस माणूसच नसेल तर? ही उदाहरणं बघा.

२०१६ च्या डिसेंबरअखेरीस गो या पटावरच्या खेळाच्या सर्व्हरवर एक अनोळखी खाते आलं, पुढे त्याचं नाव 'मास्टर' म्हणून गाजलं. आठवडाभरात ६० डाव खेळून साठही जिंकले. हरणाऱ्यांत के जिएसारखे अव्वल खेळाडू. जानेवारी २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीने सांगितलं की ते त्यांचं अल्फागो हे यंत्र होतं. २०१९ मध्ये त्याच कंपनीचं अल्फास्टार स्टारक्राफ्ट २ मध्ये युरोपच्या सर्व्हरवर उतरलं. या वेळी आधी जाहीर केलं, ज्यांनी होकाराचं बटण दाबलं त्यांच्याशीच गाठ घातली. फक्त नेमका कुठला डाव ते सांगितलं नाही, कारण समजलं की माणसं वेगळंच खेळायला लागतात. मला हे सगळ्यात स्वच्छ वाटतं.

आणि तिसरं, आपल्या धाग्याचंच. २०२२ मध्ये मेटा कंपनीचा सिसेरो हा एआय प्रोग्राम डिप्लोमसीच्या एका अनामिक ऑनलाइन लीगमध्ये ४० डाव खेळला. ८२ माणसं समोर, ५,२७७ निरोप. एकाला डावानंतर एका खात्याबद्दल शंका आली, तेवढीच. एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत तो वरच्या १० टक्क्यांत होता.

गोमध्ये समोर कोण आहे याने पटावरच्या दगडाला फरक पडत नाही. डिप्लोमसीत बोलणं हाच पट. पाच मिनिटांच्या फेरीत मी कुणाला तरी पटवतोय, तो हो म्हणतोय, मला वाटतं याला माझं म्हणणं पोचलं. आणि तिथे कुणीच नाही. मी त्या लीगमध्ये नव्हतो, तरी वाचून मला कसंनुसं झालं होतं.

---

निशाचर (रविवार, रात्री ९:४४)

मला नाही झालं. माणसाने पटवून दगा दिला तर चालतं आणि यंत्राने पटवलं तर कसंनुसं?

---

तर्कटराव (रविवार, रात्री ९:५०)

माणसाने दगा दिला तर डावानंतर त्याला शिव्या घालता येतात. तो हसतो. त्यासाठीच तर खेळतो आपण.

---

गनिमी (रविवार, रात्री १०:१२)

१७७० मध्ये फॉन केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं होतं, आत माणूस दडवलेला. तेव्हा यंत्राच्या नावाखाली माणूस, आता माणसाच्या नावाखाली यंत्र. आणि त्या यंत्राचं नाव काय? तुर्क! अडीचघर, तुमचा तुर्कस्तान तपासून घ्या.

---

रडार_बंद (सोमवार, रात्री १२:५५)

हे आजवर कुठे लिहिलेलं नाही. वजीरवालींनी 'त्या खोट्याने कुणाचं काय गेलं' असं विचारलं, तिथे अडकलो.

काही वर्षांपूर्वी एका खेळात मी आमच्या आघाडीतर्फे शत्रूच्या आघाडीत पाच महिने हेर होतो. दुसरं खातं, दुसरं नाव. खेळाच्या नियमात बसणारं. मला तिथे ज्याने हाताशी धरलं तो फार चांगला शिकवायचा. माझ्याकडे लाकूड कमी पडलं की न मागता पाठवायचा. मी मुद्दाम चुका करायचो, तो न कंटाळता समजावायचा.

एका रात्री त्याचा निरोप आला. वडिलांना दवाखान्यात हलवलंय, दोन दिवस येणं जमणार नाही, माझ्या गावांची पाळी सांभाळशील का? आणि खात्याचा तात्पुरता ताबा दिला.

मी आमच्या लोकांना वेळ कळवली. पहाटे चारला त्याची अकरा गावं गेली.

तिसऱ्या दिवशी तो आला. लिहिलं, "बाबा बरे आहेत आता. आपली गावं गेली का रे?" आपली. मी उत्तर दिलं नाही. ते खातं त्याच दिवशी बंद केलं. आमच्याकडे माझं कौतुक झालं, पद मिळालं. महिनाभरात तो खेळच सोडला.

---

वजीरवाली (सोमवार, सकाळी ८:१०)

...

---

काकदृष्टी (सोमवार, सकाळी ८:४०)

रडार_बंद, लिहिलंत ते बरं केलंत.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात हेरगिरीची परंपराच आहे. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या टोळीने एका संघटनेत महिनोन्महिने आधी माणसं पेरून एका रात्रीत कोठारं साफ केली. २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य आघाडी एका फितूर संचालकाने आतून बरखास्तच करून टाकली, लढाई न करता. खेळ चालवणारी आइसलँडची कंपनी अशी फसवणूक नियमबाह्य मानत नाही, तिथे जाणाऱ्याला हे ठाऊक असतं. आपण असले किस्से चवीने वाचतो. पण त्या महिन्यांत कुणी कुणाला दवाखान्याचं सांगितलं असेल, ते किश्श्यात येत नाही.

---

सोंगटी (सोमवार, दुपारी ४:१५)

आता सविस्तर. मी एका सर्व्हरवर पाच वर्षं पंचगिरी केली.

एकाच माणसाने सातपैकी दोन सत्ता चालवणं, यावर वाद नाही, सरळ हकालपट्टी. डोकेदुखी असते ती खरोखरच्या दोन माणसांची. भावंडं, नवरा-बायको, एका खोलीतले मित्र. एकच आयपी (इंटरनेटचा पत्ता) येणं हा पुरावा नव्हे, एका घरात दोन खेळाडू असू शकतात. आम्ही नकाशा बघायचो. एक जोडी होती, नऊ डावांत जेव्हा जेव्हा शेजारी आले तेव्हा दोघांच्या सीमेवर एकही सैन्य नाही. विचारलं तर म्हणे, आम्ही घरी खेळाबद्दल बोलतच नाही. नसतीलही बोलत! बोलायची गरजच नव्हती. त्यांना इतर डाव खेळू दिले, एकत्र अनामिक डाव बंद केले.

अडीचघरचं तेच झालंय. त्याने सर्बियाची पाठ उघडी ठेवली ती नकाशा बघून नाही.

आणि टोचतंय का, तर रशियाने 'खेळातलं राहू द्या' म्हणून विचारलं. तो पटावरून उठून विचारत होता. तू पटावर बसूनच उत्तर दिलंस.

---

निशाचर (सोमवार, दुपारी ४:३३)

तो पटावरून उठला होता कशावरून? 'खेळातलं राहू द्या' हीच चाल असेल. असं विचारलं की दोन मित्रराष्ट्रं एकमेकांकडे बघायला लागतात. मी रशिया असतो तर हेच केलं असतं.

---

सोंगटी (सोमवार, दुपारी ४:४०)

तू काय काय केलं असतंस ते आम्हाला माहीत आहे.

---

अडीचघर (गुरुवार, रात्री १०:२०)

मंडळी, डाव संपला. नावं उघडली.

तुर्कस्तान माझा मित्र नव्हताच. कधी नाव न ऐकलेला कुणीतरी, फ्रेंच लिहिणारा. फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्हाआधी जागा सोडायचीच पद्धत आहे, हे मला आज वयाच्या चाळिशीत कळलं. त्या एका मोकळ्या जागेवर मी चार वर्षांचं परराष्ट्र धोरण उभं केलं होतं. तो बिचारा कुठल्याही शेजाऱ्याशी वागला असता तसाच माझ्याशी वागत होता.

मित्र त्याच डावात होता. इंग्लंड. १९०४ लाच गारद. मी त्याला सगळे मिळून दोन निरोप पाठवले, आणि जर्मनीला लिहिलं होतं, 'इंग्लंड झोपलाय, उचल.' आत्ता फोन केला तर म्हणतो, "मुद्दाम नीट टाइप करत होतो, म्हटलं तू लगेच ओळखशील."

म्हणजे रशियाला मी जे खोटं बोललो ते खरंच निघालं.

---

गनिमी (गुरुवार, रात्री १०:२६)

नरो वा कुंजरो वा, पण हत्ती निघाला दुसऱ्याच गोटातला.

---

सोंगटी (गुरुवार, रात्री १०:३१)

उत्तर खरं निघालं म्हणून तू खरं बोललास असं होत नाही हं.

---

वजीरवाली (गुरुवार, रात्री १०:४५)

रशियाला कळवलंत का?

---

अडीचघर (शुक्रवार, सकाळी ७:५०)

रात्री कळवलं, सगळं, फ्रेंच प्रश्नचिन्हासकट. सकाळी उत्तर आलंय: "हा प्रश्न मी प्रत्येक डावात कुणाला तरी विचारतो. ओळख असो नसो, युती ढिली होते. तुमची झाली नाही, म्हणून मला वाटलं खरंच मित्र असणार."

---

निशाचर (शुक्रवार, सकाळी ७:५८)

:)

---

सोंगटी (शुक्रवार, सकाळी ८:१२)

निशाचर, हसू नकोस. माझ्या सर्व्हरवर अशा प्रश्नाला मी ताकीद दिली असती. उद्या खरोखर कुणाला विचारायचं असेल तर त्याने काय म्हणून विचारायचं?

---

जुना_भिडू (शुक्रवार, सकाळी ९:३०)

मुद्दा आहे. पण ताकीद कुठल्या नियमाखाली द्याल?

---

कप्तान_उशिरा (शुक्रवार, रात्री ११:१५)

आत्ता सगळा धागा वाचला. डिप्लोमसीचा नवा डाव काढतोय, दोन दिवसांची फेरी. मी, गनिमी, निशाचर, तर्कटराव असे चार झालेत, तिघं हवेत. नावं झाकून.

---

रडार_बंद (शुक्रवार, रात्री ११:४०)

नावं उघडी ठेवणार असाल तर मला घ्या.